बारा नाण्यांतलं एक खोटं: तराजूच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

वाचनालयाच्या गणित कोपऱ्यासाठी या वर्षीचं कोडं ठरलं. बारा नाणी, दिसायला सारखी. त्यातलं एक खोटं. ते जड आहे की हलकं, हे माहीत नाही. दोन पारड्यांचा साधा तराजू, वजनमापं नाहीत, आणि तराजू तीनदाच वापरायचा. खोटं नाणं कुठलं ते सांगायचं आणि ते जड की हलकं तेही सांगायचं. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन, म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस. तोवर सगळं टेबलावर मांडून तयार हवं.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "अगं, मोबाइलवर असतंच की हे, मग तराजू कशाला?" असतं, ढिगाने असतं. पण मोबाइलमधला तराजू एका क्षणात 'समान' म्हणून मोकळा होतो. खऱ्या तराजूकडून तेवढा एक शब्द काढून घ्यायला घाम फुटतो, आणि या कोड्याचा सगळा जीव त्याच शब्दात आहे.

हिशेब आधीच मांडून ठेवते. बारांपैकी कुठलंही खोटं असू शकतं आणि ते जड किंवा हलकं, म्हणजे २४ शक्यता. एका फेरीत तराजू तीन उत्तरं देतो: डावं पारडं खाली, उजवं खाली, किंवा सम. तीन फेऱ्यांची मिळून २७ उत्तरं. २४ शक्यता २७ खणांत बसवायच्या आहेत. तीनच खण शिल्लक राहतात, त्यामुळे पहिल्या फेरीपासून उधळपट्टी चालणार नाही.

१२ नोव्हेंबर

नाण्यांचा प्रश्न आधी सोडवला. पूर्वीचा मोठा रुपया, १९९२ ते २००४ या काळात निघालेला, २५ मिलिमीटर व्यासाचा, ४.८५ ग्रॅमचा. २०११ नंतरचा छोटा रुपया २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅम, २३ मिलिमीटर. मोठा रुपया 'खरा' धरला तर छोटा रुपया १.०६ ग्रॅमने हलका आणि पाचाचं नाणं १.१५ ग्रॅमने जड. दोन्हीकडे जवळजवळ सारखा फरक. मुद्दाम शोधून असं मिळालं नसतं.

उघडी नाणी ठेवून उपयोग नाही, लगेच ओळखू येतात. म्हणून पाण्याच्या बाटल्यांची एकाच रंगाची झाकणं घेतली. दोन झाकणं तोंडाला तोंड लावायची, आत नाणं, आवाज होऊ नये म्हणून कापूस, बाहेरून चिकटपट्टी. याला आम्ही डबी म्हणतो. नाण्याला भोक नाही, ओरखडा नाही. नाणं मोडणं किंवा वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा वापरून झालं की ती परत गल्ल्यात जातील.

एक खबरदारी. सध्याचं पितळी रंगाचं पाचाचं नाणं चालणार नाही. ते तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रणाचं आहे, लोहचुंबकाला चिकटत नाही. रुपया स्टीलचा, तो चिकटतो. खिशात चुंबक घेऊन फिरणारी मुलं आमच्याकडे येतात. त्यांनी शून्य फेऱ्यांत कोडं सोडवलं असतं. २००७ च्या सुमाराचं स्टीलचं पाचाचं नाणं शोधलं. वजन तेच, सहा ग्रॅम, आणि चुंबकाला चिकटतं.

१६ नोव्हेंबर

भंगारवाल्याकडून जुनी तागडी आणली. पितळी पारडी, साखळ्या, लोखंडी दांडी, दांडीवर वैधमापनचे झिजलेले शिक्के. एका पारड्याच्या साखळीला तारेचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे पासंग. रिकामी पारडी त्यामुळे बरोबर राहतात.

रिकामी बरोबर राहतात, पण भरल्यावर राहत नाहीत. चार-चार डब्या ठेवल्या तर डावं पारडं खाली. डब्यांची अदलाबदल केली, तरी डावंच खाली. डब्यांत फरक असता तर अदलाबदलीनंतर उजवं खाली गेलं असतं. म्हणजे दोष दांडीचा आहे, दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. पासंग लावून रिकामा तराजू सरळ करता येतो, पण बाहू असमान असतील तर वजन वाढेल तसा दोष वाढत जातो. आमच्या चार डब्यांचं वजन ३६ ग्रॅमच्या आसपास. बाहूंत एक टक्का फरक असेल तर तिथेच ०.३६ ग्रॅमची खोट. आम्हाला एक ग्रॅम पकडायचा आहे.

आयुष्यभर या तागडीने कुणाला दांडी मारली असेल देव जाणे. पारडी आणि साखळ्या ठेवल्या, दांडी बाद.

१७ नोव्हेंबर

सुतारकाकांना सांगितलं. म्हणाले, "सागाची करू, चाळीस सेंटिमीटर. पण तेवढी बारीक मापं मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, तू समोर बस." बसले.

२३ नोव्हेंबर

दांडी झाली. तिची रचना सविस्तर लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल.

तीन धारा लागतात: एक मधली, जिच्यावर दांडी डोलते, आणि दोन टोकांच्या, जिथे पारडी लटकतात. त्रिकोणी कानशीचे तुकडे करून वापरले. कानशीची कड सरळ आणि कडक असते, लवकर झिजत नाही. मधली धार खाली तोंड करून, टोकांच्या धारा वर तोंड करून, आणि तिन्ही एका रेषेत. ही रेषा चुकली तर वजन बदललं की तराजूचा स्वभाव बदलतो. काकांनी दोरा ताणून तिन्ही कडा दोऱ्याला टेकवल्या आणि मगच एम-सील भरलं.

बाहू समान करायला टोकाची एक धार सरकती ठेवली होती. चार डब्या इकडे, चार तिकडे, काटा कुठे थांबतो ते पाहायचं, अदलाबदल करायची, पुन्हा पाहायचं. दोन्ही वेळा काटा शून्यापासून सारख्याच अंतरावर पण विरुद्ध बाजूंना थांबला की बाहू समान. मग ती धारही पक्की केली.

शेवटची गोष्ट सगळ्यात नाजूक. दांडीच्या मधोमध उभा बोल्ट बसवला आहे आणि त्यावर नट. नट वर फिरवला की दांडीचा गुरुत्वमध्य धारेच्या जवळ येतो आणि तराजू हळवा होतो, थोड्या फरकालाही भरपूर कलतो. फार वर नेला तर गुरुत्वमध्य धारेच्याही वर जातो आणि दांडी सरळ उभी राहायलाच तयार होत नाही, या नाही तर त्या बाजूला लोळण घेते. नट खाली नेला की तराजू मठ्ठ, पण लवकर स्थिर होतो. हळवा तराजू बराच वेळ डोलत राहतो, आणि रांगेत उभ्या मुलांना तेवढा धीर नसतो.

मग किती हळवा हवा? यासाठी सोनारांच्या काट्यावर सगळ्या डब्या तोलून घेतल्या. रुपये हाताळून झिजलेले, झाकणंही तंतोतंत सारखी नाहीत, त्यामुळे 'खऱ्या' डब्याही एकमेकींसारख्या नसतात. कापूस कमीजास्त करून सगळ्या खऱ्या डब्या सरासरीच्या ०.०५ ग्रॅम इकडे-तिकडे आणल्या. तोलताना आठ डब्या पारड्यांत असतात. नशीब अगदी फिरलं, तर सगळ्या हलक्या एकीकडे आणि सगळ्या जड दुसरीकडे येतील: आठ गुणिले ०.०५, म्हणजे ०.४ ग्रॅमचा खोटा कल. खोट्या डबीचा फरक १.०६, त्यातून वाईटात वाईट ०.४ वजा झाले तरी ०.६६ उरतात. ०.४ आणि ०.६६ यांच्या मध्ये रेघ मारायची. ०.५ ग्रॅमला काटा जिथे जातो तिथे दोन्ही बाजूंना खूण केली आणि मधली पट्टी हिरवी रंगवली. काटा हिरव्यात डोलत असेल तर 'सम'. बाहेर गेला तर ते पारडं खाली.

एवढ्या खटाटोपानंतर तराजू 'सम' म्हणायला शिकला.

२७ नोव्हेंबर

भिंतीवर लावायच्या पाटीचा मजकूर. लांबवायचा नाही, लोक उभ्याने वाचतात.

जानेवारी १९४५ च्या अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत ई. डी. शेल यांनी कोडं दिलं: आठ नाणी, फार तर एक हलकं, तराजू दोनदाच. आठ नाण्यांच्या आठ शक्यता आणि 'एकही खोटं नाही' ही नववी. दोन फेऱ्यांची उत्तरंही नऊच. एकही खण रिकामा नाही. पुढे नाणी बारा झाली, 'हलकं' ऐवजी 'जड की हलकं माहीत नाही' आलं, आणि कोडं पसरलं. १९४६ मध्ये मॅथेमॅटिकल गॅझेटमध्ये फ्रीमन डायसन यांनी सर्वसाधारण उत्तर दिलं. तेव्हा ते विशीत होते. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडसाठी आकडेमोड करून आले होते. फेऱ्यांची संख्या 'न' धरली तर ३ चा न-वा घात घ्या, त्यातून ३ वजा करा, निम्मे करा. दोन फेऱ्यांना ३ नाणी, तीनला १२, चारला ३९, पाचला १२०.

महायुद्धात या कोड्याने शास्त्रज्ञांचे इतके तास खाल्ले, की ते छापून विमानातून जर्मनीवर टाकावं अशी सूचना कुणीतरी केली होती, अशी गोष्ट सांगतात. पाटीवर घेतली. मुलं बाकीचं विसरतील, हे लक्षात ठेवतील.

३० नोव्हेंबर

शनिवारच्या मुलांवर पहिली चाचणी. आधी सोपं दिलं: नऊ डब्या, एक हलकी आहे हे माहीत, दोनच फेऱ्या. जवळजवळ सगळ्यांचा हात चार-चारकडे गेला. अर्धे-अर्धे करायची सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे, की तिसरा ढीग तराजूबाहेर ठेवून त्याच्याबद्दलही माहिती मिळते हे सुचतच नाही. तीन-तीन ठेवून सम आलं की एक मुलगा म्हणाला, "काहीच झालं नाही ताई, फेरी फुकट गेली." शेजारची सातवीतली मुलगी शांतपणे म्हणाली, "अरे, सहा सुटल्या की."

मग बारांचं दिलं. दोन तासांनी एका गटाला पहिली फेरी चार-चारच का, हे गवसलं. सम आलं तर खोटी डबी बाहेरच्या चारांत, जड किंवा हलकी: ८ शक्यता. डावं खाली गेलं तर डावीकडच्या चारांपैकी एक जड किंवा उजवीकडच्या चारांपैकी एक हलकी: पुन्हा ८. उजवं गेलं तरी ८. म्हणजे सम आलं तरी तेवढीच कमाई होते, रेसभरही कमी नाही. पाच-पाच ठेवल्या तर कलल्यावर १० शक्यता उरतात आणि दोन फेऱ्यांत ९ च सोडवता येतात.

अडतात सगळे दुसऱ्या फेरीला, पहिली कललेली असताना. १, २, ३, ४ खाली गेल्या आणि ५, ६, ७, ८ वर, असं धरू. त्या मुलीच्या गटाने जे शोधलं ते मी माझ्या शब्दांत लिहून ठेवते, कारण पुस्तकी मांडणीपेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं. आठ डब्यांचे तीन गट करा. काही जागेवर राहतील: १ आणि २ डावीकडे, ६ उजवीकडे. काही पलीकडे जातील: ३ उजवीकडे, ५ डावीकडे. काही बाहेर निघतील: ४, ७, ८. उजवीकडे एक जागा रिकामी राहते, तिथे आता खात्रीने खरी असलेली ९ नंबरची. आता तोला. तराजू आधीसारखाच कलला तर दोषी जागेवर राहिलेल्यांत. कल फिरला तर दोषी पलीकडे गेलेल्यांत. सम झाला तर दोषी बाहेर गेलेल्यांत. मग तिसऱ्या फेरीला काम राहत नाही फारसं. जागेवरच्यांत १ आणि २ समोरासमोर, जी खाली जाईल ती जड, सम तर ६ हलकी. पलीकडच्यांत ३ आणि ९ समोरासमोर, ३ खाली गेली तर ती जड, सम तर ५ हलकी. बाहेरच्यांत ७ आणि ८, जी वर जाईल ती हलकी, सम तर ४ जड.

पहिली फेरी सम आली तर सोपं: ९, १०, ११ विरुद्ध कुठल्याही तीन खऱ्या. मुलांनी ते चटकन केलं, इथे लिहीत नाही.

४ डिसेंबर

वरची रीत उत्तम, पण प्रदर्शनात अडचणीची. प्रत्येक वेळी पुढची फेरी आधीच्या उत्तरावर ठरते, म्हणजे टेबलाशी समजावून सांगणारं माणूस सतत हवं. मला अशी रीत हवी आहे, की तिन्ही फेऱ्यांत कुठल्या डब्या कुठे ठेवायच्या हे आधीच छापलेलं असेल आणि शेवटी तीन उत्तरांवरून निकाल वाचता येईल.

अशी रीत आहे. इंग्रजीत तर ती पद्यात बांधलेली आहे: केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या गणित नियतकालिकात १९५० साली ब्लांश देकार्त या टोपणनावाने आली. डब्यांवर आकड्यांऐवजी अक्षरं, आणि कुठल्या पारड्यात काय ठेवायचं ते शब्दच सांगतात. इंग्रजी शब्द आमच्या मुलांना कशाला द्यायचे? मराठीत बांधू.

अटी कडक आहेत. बारा अक्षरं. प्रत्येक फेरीत डावीकडे चार, उजवीकडे चार. प्रत्येक अक्षराची तीन फेऱ्यांतली 'चाल' (डावं, उजवं, बाहेर) वेगळी हवी, आणि कुठलीही चाल दुसऱ्या अक्षराच्या चालीची अगदी उलट असता कामा नये, नाही तर एक जड आणि दुसरं हलकं यांत फरक कळणार नाही. हिशेब केला तर तीन अक्षरं एकदाच येतात, सहा दोनदा, तीन तिन्ही वेळा. दोनदा येणाऱ्यांतही कुणी बाजू बदलायची आणि कुणी नाही, हे ठरलेलं. या सापळ्यात अर्थपूर्ण मराठी शब्द बसवायचे. मराठीचा एक मोठा फायदा: काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही असं ठरवलं की मोकळीक मिळते. डबीवर नुसतं 'न', शब्दात ते ना, ने, नू काहीही होऊ दे.

६ डिसेंबर

'खोटे नाणे' यात ख, ट, न, ण अशी चार वेगळी अक्षरं आहेत! हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तिसऱ्या फेरीचं उजवं पारडं ठरलं. 'ख' दुसरीकडे बसवणं अवघड, म्हणून ते एकदाच येणारं. 'न' सगळीकडे चालतं, म्हणून ते तिन्ही वेळा.

दुसऱ्या फेरीला 'सोडवणे' घातलं, त्यात 'ण' आपसूक आला. पहिल्या फेरीच्या डाव्या बाजूला न, व, र, स उरले. दिवसभर 'नवरस' म्हणत बसले होते, पण अर्थ कुठेच लागेना. संध्याकाळी अक्षरं फिरवली आणि 'सरावाने' झालं. समोर 'पकडले' चपखल बसलं. दुसऱ्या फेरीच्या डाव्या बाजूला न, ट, क आणि एक नवं अक्षर. 'नाटकात' बसत होतं, 'चिकटून' बसत होतं, 'झटकून'ही. शेवटी 'हटकून'. तिसऱ्या फेरीच्या डाव्या बाजूला स, क, र, ल आले, म्हणजे 'सरकले'.

झालं ते असं:

सरावाने | पकडले
हटकून | सोडवणे
सरकले | खोटे नाणे

ओळीतला पहिला शब्द डावं पारडं, दुसरा उजवं. शेवटच्या ओळीत 'खोटे नाणे' मिळून उजवं. काव्य म्हणून कुणी दाद देणार नाही, पण सणसणीत चालतं.

निकाल वाचायची पद्धत. 'ल' घ्या. पहिल्या फेरीत उजवीकडे, दुसऱ्यात बाहेर, तिसऱ्यात डावीकडे. तराजू म्हणाला 'उजवं खाली, सम, डावं खाली', तर 'ल' जड. म्हणाला 'डावं, सम, उजवं', म्हणजे बरोबर उलट, तर 'ल' हलकं. 'सम, सम, डावं' आलं तर? शेवटच्याच फेरीत पारड्यात आलेलं अक्षर 'ख', ते उजवीकडे होतं, डावं खाली गेलं, म्हणून 'ख' हलकं.

७ डिसेंबर

भाच्याने पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहून २४ ही शक्यता चालवून पाहिल्या. २४ वेगळी उत्तरं. न वापरलेली तीन: 'सम-सम-सम', 'डावं-डावं-डावं', 'उजवं-उजवं-उजवं'.

ही तीन फुकट गेलेली नाहीत. तिन्ही वेळा सम आलं तर एकही डबी खोटी नाही. म्हणजे गुपचूप बाराही खऱ्या ठेवून मोठ्यांची फिरकी घेता येईल. आणि तिन्ही वेळा एकच पारडं खाली गेलं तर? या मांडणीत कुठलीही एक खोटी डबी असं करूच शकत नाही. मग डब्या चुकीच्या ठेवल्यात, किंवा दांडी खाचेतून सरकली. तराजू स्वतःच्या आजाराची चिठ्ठी स्वतःच देतो. टेबलाशी बसणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ही ओळ लाल अक्षरांत.

१० डिसेंबर

"१३ का नाही?" हा प्रश्न येणार म्हणून तयारी. १३ डब्यांच्या २६ शक्यता, उत्तरं २७. कागदावर मावतं. पण पहिल्या फेरीत चार-चार ठेवल्या तर बाहेर पाच, सम आलं तर १० शक्यता. पाच-पाच ठेवल्या तर कलल्यावर १०. दोन्हीकडून ९ ची वेस ओलांडली जाते.

फक्त 'कुठली' एवढंच विचारलं तर १३ चालतात: तेरावी डबी तराजूवर ठेवायचीच नाही, तिन्ही वेळा सम आलं तर तीच खोटी, पण जड की हलकी ते कळणार नाही. आणि एक खात्रीची खरी डबी हाताशी दिली तर तेही कळतं. आपल्याच ओळींत बसतं: तेरावी तिन्ही वेळा डावीकडे, खात्रीची तिन्ही वेळा उजवीकडे. 'डावं-डावं-डावं' आलं तर तेरावी जड. मात्र मग आजाराच्या चिठ्ठीचा खण भाड्याने गेला. मी बारांवरच थांबते.

१५ डिसेंबर

सुतारकाकांना सगळं चालवून दाखवलं. त्यांनी उलट कोडं घातलं: एक मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा धोंडा पडून त्याचे चार तुकडे झाले, आणि त्या चार तुकड्यांनी एक ते चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण शेराचं वजन तोलता येतं. तुकडे किती किती शेरांचे? हे मी लहानपणी ऐकलं होतं: १, ३, ९, २७. धोंड्याचा तुकडा मालाच्या समोर, मालाच्या बाजूला, किंवा बाहेर. इथेही तीनच जागा, डब्यांसारख्याच. चार तुकड्यांच्या ८१ मांडण्या, त्यात एक शून्याची, उरलेल्या ८० पैकी निम्म्या उलट्या, म्हणून ४०. युरोपात हेच बाशेने १६१२ साली छापलं. याच डावं-उजवं-बाहेर अंकांवर १९५८ मध्ये मॉस्को विद्यापीठात सेतुन नावाचा संगणक बांधला गेला. काकांना सेतुनमध्ये रस नव्हता. "पाच शेर तोलून दाखव," म्हणाले. नऊचा तुकडा एका बाजूला. माल, एक आणि तीन दुसऱ्या बाजूला. मग चहा झाला.

धोंड्याचं कोडं पाटीवर शेवटी घातलं.

२२ डिसेंबर

गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त. लहान मुलांचं नऊ डब्यांचं टेबल सतत भरलेलं. बारांच्या टेबलाशी मोठी माणसं अडकली. एक निवृत्त बँक अधिकारी डबी हातात घेऊन जोखत होते, "आयुष्यभर नाणी मोजलीत, मला हाताला कळतं." कळतं की काय या भीतीने नियम केला: डबी वाटीत ठेवूनच उचलायची. नंतर त्यांनी रीतसर सोडवलं आणि उत्तर बरोबर निघालं.

दुपारी सगळ्यात मोठा वाद 'सम' वर झाला. काटा हिरव्या पट्टीत डोलत होता, पण मधल्या रेघेपासून थोडा उजवीकडे. "उजवं खाली आहे," एक बाई ठाम. ते मानलं तर त्यांची तीन उत्तरं 'उजवं, उजवं, उजवं' होत होती. स्वयंसेवक मुलीने लाल ओळ दाखवली: असं येऊच शकत नाही. मग त्यांनी तिन्ही फेऱ्या पुन्हा केल्या, या वेळी पट्टीला मान देऊन, आणि 'सम, उजवं, उजवं' वर आल्या. 'ण' दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उजवीकडे आहे. 'ण' जड. डबी उघडली, आत पाचाचं नाणं.

संध्याकाळी उशिरा सातवीतल्या त्या मुलीने तिन्ही ओळी न बघता म्हणून दाखवल्या आणि प्रत्येक उत्तराला अक्षर सांगत गेली. तिला कागद लागला नाही.

२४ डिसेंबर

उरलेली कामं. मधल्या धारेखालची काच तडकली आहे, ती बदलायची. कापूस दमट झाला असणार, डब्या पुन्हा सोनारांकडे तोलून घ्यायच्या. त्यांनी पैसे घेतले नाहीत, यंदाचा दिवाळी अंक त्यांना नेऊन द्यायचा. चार फेऱ्यांचं ३९ डब्यांचं करावं असा मुलांचा हट्ट आहे. त्यासाठी ३९ मोठे रुपये आणि ३९ अक्षरं हवीत. मराठीत व्यंजनं तेवढी नाहीत, म्हणजे मात्रा मोजाव्या लागतील. आणि पहिल्या फेरीत तेरा-तेरा डब्या ठेवल्या की २६ गुणिले ०.०५ म्हणजे १.३ ग्रॅमचा खोटा कल, खोट्या डबीच्या फरकापेक्षाही जास्त. डब्या ०.०२ ग्रॅमच्या आत आणता आल्या तरच पुढे जायचं. सोनारांना आधी विचारते.